थांबायची बेल

"मग घरी कोण जातं?"

तुळजागीर बुवांनी एवढं विचारलं आणि माइक पाहुण्याच्या तोंडाशी सरकवला.

पाहुणा हसला. "बुवा, मी जरा उलगडून सांगतो. आमच्या खेळात कुणी हरत नाही. कुणी बाद होत नाही. तीच तर खरी करामत आहे."

"ते समजलं. कुणी बाद होत नाही. मग घरी कोण जातं?"

"घरी... म्हणजे खेळणारा घरीच असतो ना, बुवा. मोबाइलवर तर खेळतो."

"बरं," बुवा म्हणाले. "घरीच असतो."

आणि माइक तसाच पाहुण्याच्या तोंडाशी धरून ठेवला.

मी भिंतीला पाठ लावून ऐकत होतो. भिंत म्हणजे माझ्याच आडतीची पोती. मठाचं हे रेडिओ केंद्र पूर्वी शिधा ठेवायची खोली होती. 'या' म्हटलं की 'या-या-या' ऐकू यायचं. बुवा म्हणाले, आप्पा, काहीतरी करा. मी दुकानातलं रिकामं बारदान धुऊन चारी भिंतींना ठोकून दिलं. तेव्हापासून आवाज गोड येतो. पाहुण्याच्या नाकात तुरीचा वास तेवढा जातो.

पाहुणा आमच्याच गावचा. विश्वंभर टेकाळे. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर मारोतराव टेकाळे, त्यांचा एकुलता एक मुलगा. शिकायला पुण्याला गेला आणि तिकडंच मोबाइलवरचे खेळ बनवायला लागला. त्याचा 'सुसाट' नावाचा बसचा खेळ लोक दिवसरात्र खेळतात म्हणे. पेपरात फोटो आला, तेव्हा मारोतरावांनी तो माझ्या दुकानात आणून दाखवला होता. पेढेही आणले होते, पहिला मलाच दिला.

पण त्या दिवशी विश्वंभर मुलाखत द्यायला आलाच नव्हता.

तो बापाला न्यायला आला होता.

मारोतरावांना साखरेचा आजार. उजव्या पायाची जखम चिघळली होती आणि अंगठा काळा पडत चालला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, आज-उद्या आणा, नाहीतर अंगठ्यावर भागायचं नाही, पाय काढावा लागेल. दवाखान्यात खाट सांगून ठेवलेली, मोटार तयार. आणि मारोतराव जागचे हलायला तयार नव्हते. समोर टॅब, टॅबवर बस, बसचं चाक हातात. सकाळी बसायचे ते डोळे मिटेपर्यंत.

खेळ कुठला? पोराचाच. टॅबही पोरानंच पाठवलेला.

गावात मारोतराव एका माणसाचं ऐकतात, बुवांचं. म्हणून विश्वंभर धापा टाकत टेकडी चढून आला होता.

"बुवा, चला. तुम्ही एक शब्द बोललात तर उठतील."

"येतो," बुवा म्हणाले. "आधी बस. चार वाजता पोरांचा कार्यक्रम असतो. तुझ्या धंद्याबद्दल बोल. पोरं विचारत असतात."

"आत्ता? बुवा, पाय जाईल त्यांचा!"

"म्हणूनच म्हणतो. बस."

मलाही ते बरं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पण बुवांशी हुज्जत घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. मागं एक पुढारी 'बुवा, मनःशांतीचा मार्ग दाखवा' म्हणून हटून बसला होता. बुवांनी त्याच्या हातात झाडू दिला. त्यानं अंगण झाडलं, फोटो काढून घेतला आणि निघून गेला. बुवा म्हणाले, "चला, अंगण तरी झालं."

तर विश्वंभर बसला. बुवांनी स्वतः बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. तो लागला की बोललेलं थेट आसपासच्या गावांत जातं. मागं घेता येत नाही.

पहिल्यांदा तो घड्याळाकडं बघत, एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग हळूहळू रंगला. धंदेवाल्याला त्याच्या मालाबद्दल विचारा. घराला आग लागलेली असली तरी तो आधी माल दाखवील. मी तरी कुठं वेगळा आहे?

"आमच्या धंद्यात पूर्वी खेळ विकायचे," तो सांगत होता. "आता खेळ फुकट."

"मग विकता काय?"

"वेळ."

"कुणाचा?"

"खेळणाऱ्याचा."

"त्याचाच वेळ त्यालाच?"

"नाही, बुवा. जाहिरातवाल्यांना. माणूस जेवढा जास्त बसेल तेवढ्या जास्त जाहिराती बघेल. तेव्हा सगळा खेळ एवढाच, की माणूस बसला पाहिजे. उठता कामा नये."

"हं..."

मी मनात हिशेब लावून पाहिला. माल गिऱ्हाईकाचा, दुकान आपलं, आणि विकत घेणारा तिसराच. असा सौदा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पण उठू न देण्याची कला मात्र मला नवी नव्हती. आमच्या बाजारपेठेत एक कापडवाले होते. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की त्यांचा नोकर बाहेरच्या चपला हळूच उचलून आतल्या खोलीत ठेवायचा. बाई उठायला लागली की शेट म्हणायचे, "अरे, वहिनींच्या चपला आणा रे." चपला यायला वेळ लागायचा. तोवर आणखी चार साड्या उलगडायच्या. बरीच वर्षं हे छान चाललं. मग लोकांनी ओळखलं. लोक चपला शेजारच्या दुकानात ठेवून यायला लागले. अनवाणी यायचे आणि अनवाणीच उठून जायचे. शेट म्हणायचे, माणसांत सभ्यता राहिली नाही.

"तुझा तो बसचा खेळ सांग," बुवा म्हणाले.

विश्वंभर सावरून बसला. आता तो दुखऱ्या विषयावरून सुटला होता आणि आवाजात तेज आलं होतं.

"बस आहे, रस्ता आहे, घाट आहे. खेळणारा ड्रायव्हर. वाटेत लोक हात दाखवतात. गाडी त्यांच्याजवळून नेली की ते चढतात. जितके चढतील तितकं तुमचं नाव वर जातं."

"आणि उतरतात कुठं?"

"उतरत नाहीत."

"कामून?"

"तसाच खेळ आहे, बुवा. चढतात फक्त."

"मग मावतात कुठं एवढे?"

"गाडी लांब होत जाते ना! डबे जोडल्यासारखी. लोकांना फार आवडतं ते. आपली गाडी किती लांब झाली, हे एकमेकांना दाखवतात."

बुवा हसले. मीही हसलो. कुणी काही म्हणो, डोकं होतं पोराला.

"पहिल्यापासून असंच?"

"नाही. सुरुवातीला खऱ्या एसटीसारखं होतं. एक बेल वाजली की थांबायचं, माणसं उतरवायची. दोन बेल वाजल्या की निघायचं. मी ड्रायव्हरचा मुलगा. बेल मला पाळण्यापासून पाठ आहे."

महादेवाच्या मठात 'बेल' म्हटलं की आमचं लक्ष अंगणातल्या झाडाकडं जातं. ही बेल वेगळी. कंडक्टर डोक्यावरची दोरी ओढतो आणि ड्रायव्हरच्या कानाशी वाजते ती.

"मग काय झालं?"

"आम्ही पाहिलं, की एक बेल वाजली, पाशिंजर उतरले, की त्यांच्याबरोबर खेळणाराही उतरतो. फोन ठेवून देतो. जेवायला जातो. झोपतो. परत येतच नाही."

"बरोबर आहे. थांबा आला त्याचा."

"आमच्या दृष्टीनं ते नुकसान, बुवा. मीच म्हणालो, एक बेल काढून टाकू."

"थांबायची?"

"थांबायची. आता फक्त दोन बेल वाजतात. टिंग-टिंग. चला पुढं. आपोआप वाजतात. आणि सांगतो तुम्हाला, त्या एका बदलानं खेळ उभा राहिला. बाकी सगळी कलाकुसर एकीकडं आणि ती काढलेली बेल एकीकडं."

त्याचा चेहरा खुलला होता. अवघड गाठ सुटल्यावर माणूस दिसतो तसा. त्या क्षणी त्याला खाली उभी केलेली मोटार आठवत नव्हती.

"आणि तरी कुणी मधेच उठलं तर?"

"तिथं तर खरी मजा आहे!" विश्वंभर माइकवर झुकला. "खेळणाऱ्यानं हात काढून घेतला, गाडी उभी राहिली, की मागच्या सीटवरून एक म्हातारी बोलते. थकलेला आवाज. म्हणते, 'डायवरदादा, आम्हाला वाटेत सोडून चाललात?'"

...

"हे वाक्य माझं," तो म्हणाला. "कितीतरी वाक्यं लिहून पाहिली. रागाचं पाहिलं, विनोदी पाहिलं. हे चाललं. उठलेली माणसं परत येऊन बसतात."

बुवांनी डोळे मिटले होते.

"परत म्हण."

"डायवरदादा, आम्हाला वाटेत सोडून चाललात?"

"आणखी एकदा."

या वेळी तो जरा अडखळला. "डायवरदादा, आम्हाला वाटेत..."

बाहेर अंगणात पोपटांचा थवा बेलाच्या झाडावर उतरला, तेवढाच कलकलाट आत आला.

"मारोतराव उठायला लागले की त्यांना काय ऐकू येतं?" बुवांनी विचारलं.

विश्वंभरनं तांबड्या दिव्याकडं पाहिलं.

"ते वेगळं आहे, बुवा."

"काय वेगळं?"

"बाबांचं वय झालंय. त्यांना भ्रम झालाय. खेळ कुठला आणि खरं काय, हे त्यांना समजत नाही आता. काहीही बरळतात."

"काय बरळतात?"

"हे रेडिओवर नको ना."

"तुझ्या खेळात पुढं जायचीच बेल आहे," बुवा शांतपणे म्हणाले. "आज माझ्याकडंही तेवढीच आहे. बोल."

विश्वंभरनं माझ्याकडं पाहिलं. जणू मी त्याला सोडवणार होतो. मी पोत्याचा एक सुटलेला दोरा ओढत बसलो.

"म्हणतात... गाडीत पाशिंजर आहेत. बेल मिळाल्याशिवाय थांबता येत नाही."

हे ऐकलं आणि मला मारोतरावांच्या खऱ्या एसटीची एक फेरी आठवली.

मी त्या गाडीत होतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मारोतराव चाकावर, मी तुरीचा नमुना पिशवीत घेऊन बाजाराला निघालेलो. जत्रेचे दिवस. गाडीत मुंगीला वाट नाही. कंडक्टर पार मागं तिकिटं फाडत अडकलेला, दोरीपर्यंत हात पोचेना. थांबा आला. लोक ओरडायला लागले. थांबवा, थांबवा. एकानं तर पुढं येऊन पत्रा बडवला. मारोतरावांनी मान वळवली नाही. गाडी तशीच पुढच्या फाट्यापर्यंत नेली. मागून एक बेल वाजली, तेव्हा कुठं ब्रेक लावला. लोकांनी शिव्या घातल्या. मी उतरताना म्हटलं, "मारोतराव, अहो, एवढा गलका ऐकू नाही आला?" ते म्हणाले, "ऐकू आला, आप्पा. पण मला मागचं दिसत नाही. कुणाचा पाय फळीवर आहे, कुणाचं लेकरू दारात आहे, ते मागच्यालाच ठाऊक. ओरडणारे सगळेच असतात. बेल देणारा एकच असतो. तो खाली उतरला की गाडी जागची हलत नाही."

हे मी तिथं बोललो नाही. कार्यक्रम बुवांचा होता.

बुवा विचारत होते, "बेल कोण देतं?"

"कंडक्टर."

"मारोतरावांच्या गाडीवर कंडक्टर कोण आहे?"

"बुवा, तो खेळ आहे! कंडक्टर नाहीच त्यात. दोन बेल यंत्र वाजवतं."

"त्यांना विचारलंस?"

विश्वंभर परत घड्याळाकडं बघायला लागला.

"विश्वंभर, त्यांना विचारलंस का?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

तो बराच वेळ बोलला नाही. रेडिओवर एवढी शांतता चालत नाही म्हणतात; ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र बंद पडलं. बुवांनी ती चालू दिली. खालच्या गावांत चहाच्या हॉटेलांतून, गिरणीत, वीटभट्टीवर ती शांतता तशीच्या तशी ऐकू जात होती.

"म्हणाले... कंडक्टर आमचा विश्वा आहे."

बुवांनी मान हलवली. पुढं?

"म्हणाले, गाडी फार लांब झालीय. आरशात शेपूट दिसत नाही. विश्वा मागं कुठंतरी गर्दीत तिकिटं फाडत असेल. त्याला पुढं यायला वेळ लागतो. तो आला की बेल देईल..."

विश्वंभरचा आवाज पोत्यांनी गिळून टाकला. खोलीत त्याचा प्रतिध्वनीही उरला नाही.

मग तो एकदम हालचाल करायला लागला. पाठीवरच्या पिशवीतून संगणक काढला, मांडीवर उघडला.

"ठीक आहे. मी ती बेल परत टाकतो. आत्ता. फक्त बाबांच्या टॅबमध्ये. मला येतं ते. कंपनीत कुणाला कळणारही नाही."

"फक्त मारोतरावांच्या?"

त्याची बोटं थांबली.

"सगळ्यांच्या खेळात टाकणं माझ्या एकट्याच्या हातात नाही, बुवा. तिथं मालक आहेत, पैसे लावणारे आहेत. माझं कोण ऐकेल?"

बुवा तांबड्या दिव्याकडं बघत राहिले. विश्वंभरनंही त्या दिव्याकडं पाहिलं, आणि आपण हे कुणाकुणाच्या घरात बोललो, ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचे कान लाल झाले.

"हे... हे मघाचं कापता येईल का?"

"नाही."

बुवांनी बटण दाबून बाहेर भजन लावून दिलं. दिवा विझला. आता ती शांतता फक्त आम्हा तिघांची होती.

"इथं रेंजही धड नाही," विश्वंभर संगणकाशी झटत म्हणाला. "बेल पाठवायला तासभर तरी लागेल."

"दोरी ओढायला एवढा वेळ लागतो?" बुवा म्हणाले आणि उठले.

आम्ही टेकडी उतरायला लागलो. बुवा अनवाणी पुढं. मागं विश्वंभर, त्याचे पांढरे बूट मातीनं माखलेले. शेवटी मी, गुडघे सांभाळत. पायथ्याशी मोटारीचा चालक झोपला होता. त्याला उठवलं नाही. गल्लीत शिरलो तर दोन-तीन घरांतून रेडिओचा आवाज येत होता. बुवांचा कार्यक्रम संपून भजन लागलं होतं. ओट्यावरच्या बायका विश्वंभरकडं बघून पदर सावरून आत गेल्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यालाही ते कळलं.

मारोतरावांची खोली लहान. मालकीण जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळं सगळा पसारा एकट्या पुरुषाचा. खोलीभर औषधाचा उग्र वास. खिडकीशी लाकडी खुर्ची, पुढं टेबल, टेबलावर टॅब. मारोतराव ताठ बसलेले, एसटीत बसायचे तसेच. अंगात जुना खाकी शर्ट. उजव्या पायाला जाडजूड पट्टी, तिच्यातून पाणी पाझरलेलं. आणि टॅबवर चढ आला की तो पाय फरशीवर दाबला जात होता. प्रत्येक दाबाला त्यांच्या कपाळावर आठी उमटायची. पाय मात्र उचलला जात नव्हता.

टिंग-टिंग, टॅब वाजला. चला पुढं.

"कोण?" मारोतरावांनी मान न वळवता विचारलं. "बुवा का? पायांचा आवाज ओळखला. बसा, बसा. मागं जागा होईल."

"बसलो," बुवा म्हणाले आणि उंबऱ्यावर टेकले.

"आप्पाही दिसतात. आप्पा, पिशवी मांडीवर घ्या. गर्दी आहे."

"घेतली, मारोतराव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

विश्वंभर बुवांजवळ वाकला. "बुवा, सांगा ना. तुमचं ऐकतील ते."

बुवा उंबऱ्यावरून हलले नाहीत.

"बुवा, पाय बघा त्यांचा..."

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. आणि बोट वर केलं.

विश्वंभरनं वर पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, देव दाखवतायत की काय.

खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती. तिच्यावर एक टॉवेल, एक धोतर, दोन बनियन. दोरी बरोबर मारोतरावांच्या डोक्यावरून पुढं खिडकीच्या खिळ्यापर्यंत गेली होती.

विश्वंभर दोरीकडं बघत उभा राहिला...

मग तो बापाच्या मागं गेला. खुर्चीच्या पाठीमागं, जिथून ड्रायव्हरला काही दिसत नाही तिथं. त्यानं हात वर केला. दोरी धरली.

बेल नव्हती. दोरीला फक्त खिळा होता.

त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. देशभर ज्याचा खेळ चालतो तो माणूस, महागाचा शर्ट घातलेला, ओल्या बनियनखाली हात वर करून उभा होता आणि लहान पोरं गल्लीत गाडी-गाडी खेळताना तोंडानं काढतात तो आवाज त्याला काढता येत नव्हता.

मारोतरावांचा पाय फरशीवर दाबला गेला. कपाळावर आठी आली.

विश्वंभरनं दोरी ओढली. धोतर हललं.

"टिंग."

एकच.

मारोतरावांचे खांदे आधी सैल झाले. मग हात. त्यांनी घाई केली नाही. आरशात पाहावं तसं उजवीकडं पाहिलं, चाक जरासं डावीकडं घेतलं. पट्टी बांधलेला पाय उचलून शेजारी ठेवला, ब्रेकवर, आणि चाकावरचे हात काढून घेतले. पडद्यावरची ती भलीमोठी गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि एका झाडाखाली उभी राहिली.



"आलास का रे पुढं?" मारोतराव म्हणाले. "लई वेळ लागला."

विश्वंभरच्या मुठीत दोरी तशीच.

तेवढ्यात टॅबमधून म्हातारी बोलली. थकलेला आवाज.

"डायवरदादा, आम्हाला वाटेत सोडून चाललात?"

मारोतरावांचा हात परत चाकाकडं गेला. मधेच थांबला. ड्रायव्हर मागं वळून बघत नसतो. तेही वळले नाहीत. समोर बघतच त्यांनी विचारलं,

"विश्वा, बेल तर दिलीस. उतरतंय कोण?"

विश्वंभरनं बुवांकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. म्हातारी दुसऱ्यांदा बोलायला लागली होती.

बुवा उंबऱ्यावरून उठले आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"कंडक्टर उतरतोय, मारोतराव."